प्रकल्प नोंदी: लॉराचे मागचे ब्रेक पॅड, सोसायटीच्या पार्किंगमध्ये

गाडी: स्कोडा लॉरा १.९ टीडीआय, मॅन्युअल गिअर, हातानं ओढायचा हँडब्रेक. चारही चाकांना डिस्क. मागचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एका पिस्टनचा आणि सरकता. हँडब्रेकसुद्धा त्याच पिस्टनवर चालतो.
जागा: कोथरूड, इमारतीखालचं पार्किंग, शहाबादी फरशी.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

तक्रार अशी की क्लीनर साइडच्या (डाव्या बाजूच्या) मागच्या अलॉय चाकावर काळी पूड जास्त बसते आणि लांबून आल्यावर त्या चाकापाशी जळका वास येतो. ब्रेक लागायला काहीच अडचण नाही, गाडी बाजूला ओढत नाही. मागच्या चाकाचं दुखणं असंच असतं. थांबवायचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, त्यामुळे मागे काही बिघडलं तरी पायाला कळत नाही.

पाने काढायच्या आधी एक सोपी चाचणी. पहाटे चांदणी चौकातून बायपासला लागून १२ किलोमीटर, शक्य तितकं ब्रेक न मारता, आणि शेवटी गाडी आपोआप मंदावू देऊन थांबवली. लगेच तापमानाची बंदूक अलॉयच्या दांड्यांमधून डिस्कवर धरली. मागे क्लीनर साइड ९४ अंश, ड्रायव्हर साइड ६३. पुढची दोन्ही साधारण ७०. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत तीस अंशांचा फरक म्हणजे एक चाक घासत चाललंय.

ही बंदूक चकाकत्या धातूवर खरं तापमान दाखवत नाही, कमीच दाखवते. म्हणून आकड्याला महत्त्व नाही, फरकाला आहे. चारही चाकांवर एकाच जागी, एकाच अंतरावरून धरायची.

ब्रेक ऑइलची टाकी पाहिली: खालच्या आणि वरच्या रेषेच्या मधोमध. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल कॅलिपरमध्ये जातं, म्हणून पातळी उतरते. आत्ता वरून ओतायचं नाही. नवीन पॅडसाठी पिस्टन आत गेले की ते सगळं परत वर येणार आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

चाकं काढून मोजमाप. आज पॅड बदलायचे नाहीत. काय आणायचं ते ठरवायचंय.

मागच्या ब्रेकवर काम करताना हँडब्रेक पूर्ण खाली असावा लागतो, आणि मागची चाकं तर हवेत. म्हणजे गाडी धरून ठेवायला उरली पुढची दोन चाकं. पहिला गिअर टाकला आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोकले. विटा लावू नयेत, दाब आला की फुटतात. गाडीबरोबर येणारा कातरी जॅक पंक्चरपुरता. त्यावर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ट्रॉली जॅकनं दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याखालच्या ठरलेल्या जागेवर उचलली. तिथे खाली पत्र्याची उभी शिवण आहे, ती चेपू नये म्हणून खाच पाडलेला रबरी ठोकळा मध्ये घातला, आणि मग घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावली.

शहाबादीबद्दल वेगळं लिहावं लागेल. या फरशीखाली बऱ्याच ठिकाणी पोकळी असते. घोडीचे चार पाय म्हणजे चार टोकं, सगळं वजन तेवढ्यावर. फरशी मधोमध तडकते आणि घोडी कलते. हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहायचं, पोकळ आवाज आला तर जागा बदलायची. आवाज भरीव आला तरी खाली १८ मि.मी. प्लायचा फूटभर चौकोनी तुकडा हवाच. पेव्हर ब्लॉकवरही तेच. कोबा असेल तर प्रश्न नाही. काढलेलं चाक आडवं करून उंबऱ्याखाली सरकवलं: घोडी गेलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

चाकाचे बोल्ट १७ नंबरचे. पाचातला एक चोर-बोल्ट (चोरी टाळणारा) आहे, साध्या पान्यानं निघत नाही; त्याचा ॲडॅप्टर डिकीतल्या जॅकच्या खोक्यात असतो. तो हातात असल्याची खात्री आधी करावी, गाडी उचलल्यावर नाही. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल केले.

मोजमाप, घासणारा थर फक्त, लोखंडी पाठ सोडून:
ड्रायव्हर साइड: बाहेरचा पॅड ७.५ मि.मी. आतला वरच्या टोकाला ३.४, खालच्या टोकाला २.६.
क्लीनर साइड: बाहेरचा ४, आतला ३.५.

किमान मर्यादा २ मि.मी. अलॉयमधून टॉर्च मारून पाहिलं तर फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आणि ड्रायव्हर साइडचा बाहेरचा पॅड अगदी ठणठणीत आहे. "पॅड बघितले, अजून निम्मे आहेत" हे वाक्य असंच तयार होतं. या गाडीत झिजेचा सेन्सर पुढे असतो, मागच्या पॅडना नाही. मागचा आतला पॅड लोखंडाला लागेपर्यंत डॅशबोर्ड काही बोलणार नाही.

दोन्ही बाजूंची झीज वेगळी आहे आणि त्याची कारणंही वेगळी आहेत. इथेच थांबून विचार करायला हवा, नाहीतर नवीन पॅड टाकले तरी वर्षभरात पुन्हा हीच वेळ.

ड्रायव्हर साइड. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेनं कॅलिपरचं अंग दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतं. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर येतं. इथे आतला पॅड तिरका झिजलाय, खाली जास्त, म्हणजे दोन पिनांपैकी बहुधा एकच अडकली आहे. कॅलिपर हातानं आत-बाहेर हलवून पाहिला: वरचं टोक हलतं, खालचं नाही. खालची पिन जाम.

क्लीनर साइड. दोन्ही पॅड जवळपास सारखे झिजलेत, पण दुसऱ्या बाजूच्या सरासरीपेक्षा जास्त. पिना व्यवस्थित सरकतात. मग कॅलिपरच्या मागे हँडब्रेकचा लिव्हर पाहिला. हँडब्रेक सोडलेला असताना हा लिव्हर आपल्या स्टॉपवर टेकलेला असायला हवा. इथे चांगली ५ मि.मी. फट. आता दोष लिव्हरचा की केबलचा? केबलचं टोक लिव्हरच्या आकड्यातून काढलं आणि लिव्हर सोडला. टक्कन स्टॉपवर आला. कॅलिपर निर्दोष, केबल अडकतेय. लिव्हर तसाच लोंबत राहिला असता तर त्याचा दांडा आत गंजलेला, मग कॅलिपरच बदलावा लागला असता. हा फरक समजायला दोन मिनिटं लागतात आणि खर्चात बरंच अंतर पडतं.

केबलच्या कॅलिपरकडच्या टोकाचा रबरी बूट, म्हणजे टोकावरचं आवरण, चिरलेला निघाला. पुण्याच्या पावसाळ्याचे चार महिने तिथून पाणी आत जात राहिलं, वेष्टनाच्या आत गंज धरला, आणि तार ओढली की जाते पण परत पूर्ण येत नाही.

डिस्क. कडेवर किमान जाडी कोरलेली असते, गंजाखाली दडते, वायर ब्रश मारून वाचायची. इथे ८ मि.मी.; नवीन असताना १०. याच गाडीच्या काही मॉडेलांवर १२ ची डिस्क असते आणि तिची मर्यादा १०, म्हणून कोरलेला आकडाच खरा. डिस्कच्या बाहेरच्या काठाला गंजाची कड उभी राहते. मोजायच्या व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसले तर जाडी जास्त दिसते. दोन्ही बाजूंना एकेक जुनं नाणं धरून त्यावरून मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली: ९.२ आणि ९.०. ड्रायव्हर साइडच्या आतल्या चेहऱ्यावर बारीक रेषा आहेत, नखाला अडकत नाहीत. डिस्क राहतील.

सगळं परत बसवलं. तोवर गाडी फक्त गल्लीपुरती.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नाना पेठेतून सुटे भाग, चॅसी नंबर दाखवून. नुसतं "लॉराचे मागचे पॅड" म्हणून मागू नये, डिस्कच्या मापाप्रमाणे पॅड बदलतात. जुना पॅड बरोबर नेला तर उत्तम.

मागच्या ॲक्सलचा संच: चार पॅड आणि कॅलिपरचे चार नवे बोल्ट. या बोल्टांच्या आट्यांवर कारखान्यातूनच चिकटद्रव्य लावलेलं असतं, म्हणून ते एकदाच वापरायचे. काही खोक्यांत बोल्ट नसतात, दुकानातच उघडून मोजावे. शिवाय पॅडच्या स्टीलच्या क्लिपा, ड्रायव्हर साइडसाठी पिन आणि बूट यांचा किट, क्लीनर साइडची हँडब्रेक केबल, डॉट ४ ब्रेक ऑइलचा एक लिटरचा सीलबंद डबा, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन.

पॅडच्या कडेवर छापलेल्या अक्षरांपैकी शेवटची दोन घर्षणाची असतात. पहिलं गार असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. जुन्यावर एफएफ आहे, नव्यावरही तेच घेतलं. मागे जास्त चावरे पॅड टाकून ब्रेक सुधारत नाहीत. पुढचं-मागचं गणित कंपनीनं बसवलेलं असतं. आणि पाठीवरचा छाप पुसट, खोक्यावरचं स्पेलिंग चुकलेलं असं काही दिसलं तर घासाघीस न करता पुढचं दुकान गाठावं.

बोहरी आळीतून पिस्टन फिरवून आत घालायचा टूल आणि १५ चा पातळ पाना. पातळ का, ते पुढे येईल.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. खंडेनवमीला पुजलेले पाने आज कामाला.

सुरुवात टाकीपासून. नव्या कोऱ्या सिरिंजनं ६० मिली ऑइल काढून घेतलं, टाकीभोवती जुना सुती पंचा गुंडाळला. डॉट ४ रंग उचलतं. थेंब पडला तर पुसत बसू नये, लगेच भरपूर पाणी ओतावं. स्टिअरिंगवर "पेडल दाबू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. कॅलिपर उतरवलेला असताना कुणी पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येतो, आणि घरातलं पोर ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की आधी पेडलच दाबतं.

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जोडलेली असली की क्लिप कुठे, स्प्रिंग कसं, हे बघायला नमुना राहतो.

ड्रायव्हर साइड.

कॅलिपरचे दोन बोल्ट १३ चे, मागच्या बाजूनं. बोल्ट फिरवला की गाइड पिनही त्याबरोबर फिरते. बूट पिनेला धरून असतो, तो पिळतो आणि फाटतो. म्हणून पिनेच्या चपट्या भागावर १५ चा पाना धरून ठेवायचा. तिथे जागा इतकी कमी आहे की नेहमीचा जाड पाना जात नाही. पातळ पाना त्याचसाठी.

कॅलिपर काढून वरच्या स्प्रिंगला जाड वायरनं टांगला. ऑइलच्या होजवर लोंबकळत सोडायचा नाही, रबराच्या आतली वीण तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

वरची पिन बोटानं निघाली. खालची हलेना. इथे हातोडी मारायचा मोह होतो, पण पिन ज्यात बसते त्या बेसची कड चेपते. कडेला भेदक तेलाचा फवारा मारला, १५ च्या पान्यानं पिन जागच्या जागी डावी-उजवी फिरवत राहिलो आणि फिरवतानाच बाहेर ओढत राहिलो. नुसतं ओढून येत नाही. बाहेर आली ती काकवीसारख्या चिकट तपकिरी ग्रीसमध्ये माखलेली, आणि बूट फुगून मऊ पडलेला. हे चॅसीचं साधं पेट्रोलियम ग्रीस. या बुटांचं रबर पेट्रोलियमला टिकत नाही. फुगतं, पिनेला आवळतं, आणि फुगलेल्या ओठातून पाणी आत जातं. मागच्या वेळी कुणीतरी "ग्रीस मारून दिलं" ते हे. न मारलेलं बरं असतं.

पिनेवर गंजाचे खड्डे. घासून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, खड्ड्याची कड परत अडकतेच. किटमधली नवी पिन, नवे बूट. भोक ब्रेक क्लीनर आणि चिंधीनं साफ केलं, चिंधी कोरडी आणि पांढरी निघेपर्यंत, कारण मघाशी मारलेलं भेदक तेलही पेट्रोलियमच. मग ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, पिनेवर पातळ थर. भोक भरून ग्रीस घातलं तर पिन आत दाबली की हवेला जागा उरत नाही आणि पिन परत बाहेर येते. बसवल्यावर पिन आत दाबून सोडली: जिथे ठेवली तिथे राहिली पाहिजे. राहिली.

कॅलिपरच्या बेसवरच्या जुन्या क्लिपा काढल्या. त्यांच्याखाली गंजाचा पापुद्रा. हा पापुद्रा क्लिपला उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅडचे कान त्यात घट्ट बसतात. मग पिना कितीही मोकळ्या असोत, पॅड परत सरकत नाही. वायर ब्रश, मग सपाट कानस, चमकतं लोखंड दिसेपर्यंत. पूड तोंडानं किंवा हवेनं उडवू नये, ब्रेक क्लीनरनं ओली करून पुसावी. नव्या क्लिपा बसवून नवा पॅड हातानं आत-बाहेर सरकवून पाहिला. अंगठ्याच्या दाबानं सरकायला हवा, ठोकून बसत असेल तर अजून घासायचं बाकी आहे.

डिस्कच्या काठाची गंजाची कड कानशीनं उतरवली. नवीन पॅड पूर्ण रुंदीनं बसतो, कड तशीच राहिली तर त्याचा काठ तिच्यावर चढतो आणि किरकिरतो.

आता पिस्टन. पुढच्या कॅलिपरसारखा सी-क्लॅम्पनं दाबायचा नाही. मागच्या पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा असतो. हँडब्रेकचा लिव्हर फिरला की तो दांडा पुढे येऊन पिस्टनला ढकलतो, आणि पॅड झिजतील तसा आतला नट त्याच आट्यांवर पुढे सरकत अंतर भरून काढतो. सरळ जोर लावला की पिस्टन आत जात नाही. हट्टानं अजून पिळलं तर ती आतली यंत्रणा मोडते. मग हँडब्रेक कायमचा ढिला आणि कॅलिपर भंगारात. पिस्टनला दाब देत फिरवायचं. या गाडीवर दोन्ही बाजूंना घड्याळाच्या दिशेनं. टूलचे दोन दात पिस्टनच्या खाचांत बसवले, मागची प्लेट कॅलिपरवर टेकवली आणि सावकाश पिळत गेलो. दर दोन फेऱ्यांनी बूट बघायचा. बूट पिस्टनला चिकटून त्याच्याबरोबर फिरायला लागला तर थांबून ओठाला थोडं ब्रेक ऑइल लावायचं आणि बोटानं मोकळा करायचा.

पिस्टन आत जाताना काळं पडलेलं ऑइल उलट्या दिशेनं एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या) युनिटकडे जातं. ते टाळायला ब्लीड निपलवर (कॅलिपरमधून ऑइल सोडायच्या तोटीवर) नळी लावून, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून, पिळताना निपल थोडं उघडं ठेवलं आणि टूल थांबवायच्या आधी बंद केलं. पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायचंच आहे, त्यामुळे जादा त्रास नाही.

नवा पॅड पाठीसकट १७ मि.मी. पाठीवर चिकट थर आणि त्यावर संरक्षक कागद असेल तर कागद काढायचा. राहिला तर ब्रेक लावताना टिकटिक येते. घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. कॅलिपर वर बसवला, नवे बोल्ट, पुन्हा १५ चा पाना धरून, ३५ न्यूटन-मीटरला आवळले. होज पिळली गेली नाही ना, हे स्टिअरिंग नसलेल्या चाकावरही बघावं. कॅलिपर टांगताना एक वेढा पडून जातो आणि लक्षात येत नाही.

क्लीनर साइड.

पॅडचं काम तेच, पिना मोकळ्या होत्या म्हणून अर्ध्या वेळात. जुनं ग्रीस इथेही पुसून सिलिकॉनचं लावलं.

केबल. गाडीच्या आत हँडब्रेकमागचं कव्हर काढून ॲडजस्टरचा नट शेवटापर्यंत सैल केला, केबलचं पुढचं टोक दोन्ही केबल जोडणाऱ्या समतोल पट्टीतून सोडवलं. मग खाली: कॅलिपरच्या कंसातल्या पाकळ्या दाबून केबल मोकळी केली, चाक धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मवरच्या क्लिपांतून काढली आणि गाइड नळीतून मागे ओढून घेतली. नवी केबल त्याच वाटेनं. चाक पूर्ण खाली लोंबत असताना ती ताणली जात नाही ना, आणि टायरच्या आतल्या बाजूला घासत नाही ना, हे बघूनच क्लिपा दाबल्या. जुनी केबल टाकून द्यायच्या आधी हातात धरून तार ओढली. जाताना करकर, येताना मधेच थांबली.

हँडब्रेकला हात लावायच्या आधी पायाचा ब्रेक. गाडी बंद, पेडल छोट्या-छोट्या झटक्यांनी दाबत राहायचं. पहिल्या काही दाबांत ते तळाला जातं, मग वर येत कडक होतं. आतला नट पायाच्या ब्रेकनं पुढे येतो. उलट क्रम केला, म्हणजे आधी हँडब्रेक ओढला, तर लिव्हर शेवटपर्यंत फिरतो आणि काहीच धरत नाही. मग लोक ॲडजस्टरचा नट आवळतात, लिव्हर स्टॉपवरून उचलले जातात, आणि दोन्ही चाकं घासू लागतात. मागच्या पॅडची झीज बऱ्याच गाड्यांत इथून सुरू होते.

पेडल कडक झाल्यावर तीनदा जोरात दाबलं, हँडब्रेक तीनदा ओढून सोडला, मग ॲडजस्टर आवळत गेलो. एक जण आत नटाशी, एक जण खाली टॉर्च घेऊन लिव्हरशी. लिव्हर स्टॉपवरून सुटायला लागला की बस. फट एक-दीड मिलिमीटरच्या वर नको. हँडब्रेक सोडून दोन्ही चाकं हातानं फिरवली: हलकी सळसळ चालते, अडखळ नाही.

चाकं, बोल्ट हातानं आटे धरून, मग ताऱ्याच्या क्रमानं, गाडी जमिनीवर आल्यावर १२० न्यूटन-मीटर. हे बोल्ट एम १४, गोल बैठकीचे. उतरत्या बैठकीचे दुसऱ्या गाडीचे बोल्ट आट्यांत बसतात, पण चाक धरत नाहीत.

टाकीची पातळी वरच्या रेषेच्या जरा खाली. पहिली चाल पार्किंगमध्येच, चालण्याच्या वेगानं, पेडल आणि हँडब्रेक दोन्ही तपासून.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे साडेपाचला पॅड बसवणी, म्हणजे नवे पॅड डिस्कवर घासून रुळवणं, बाणेर–पाषाण लिंक रोडवर. ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग अर्धा-पाऊण किलोमीटर ब्रेकशिवाय. असं दहाएक वेळा. तापलेल्या पॅडनं गाडी थांबवून पाय दाबून ठेवला तर त्या जागी डिस्कवर डाग उठतो आणि पुढे तिथे थरथर जाणवते. मागचे पॅड पुढच्यांपेक्षा कमी तापतात, म्हणून त्यांना बसायला जास्त दिवस लागतात. दोन-तीनशे किलोमीटर जपून.

थोडा वास आला, पहिल्या दिवशी तो येतोच. गतिरोधकावरून जाताना मागून खडखड नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

चाकाचे बोल्ट पुन्हा १२० ला तपासले. एकही हलला नाही.

ब्रेक ऑइल. डॉट ४ हवेतून पाणी ओढतं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शोषलं की १५५ पर्यंत येतो. कात्रज किंवा वरंधा घाट उतरताना कॅलिपरमध्ये वाफ झाली की पेडल मऊ पडतं, कारण वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं. उघडा पडलेला अर्धा डबा कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरायचा नाही, पावसाळ्यातून गेलेला तर मुळीच नाही.

मॅन्युअल गाडीत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो. ब्लीड करताना (निपलमधून जुनं ऑइल काढताना) पातळी खाली गेली तर हवा ब्रेकमध्येच नाही, क्लचमध्येही शिरते. म्हणून दर चाकाला दोनदा टाकी भरली.

दोघांचं काम. "दाब." "दाबलं." निपल उघडलं, ऑइल आलं, निपल बंद. "सोड." बंद करायच्या आधी "सोड" म्हटलं की नळीतली हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवला होता: जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं तर मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाचे) सील कधीच न गेलेल्या, खडबडीत भागावर जातात आणि फाटतात. प्रत्येक चाकातून सुमारे २०० मिली, रंग स्वच्छ पिवळसर होईपर्यंत. मागची दोन चाकं सर्वांत काळी निघाली. निपलवर रबरी टोपणं परत लावली, ती नसली की निपल गंजून पुढच्या वेळी तुटतं.

काढलेलं ऑइल गटारात नाही. बाटलीत भरून गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात.

२७ ऑक्टोबर, रविवार

बायपासवर तीच १२ किलोमीटरची चाचणी, त्याच वेळेला. क्लीनर साइड ५४, ड्रायव्हर साइड ५२.

त्यानंतर जुन्या कात्रज घाटातून बोगद्याकडून शहराकडे उतार, तिसऱ्या गिअरमध्ये, नेहमीसारखे ब्रेक मारत. खाली थांबून मागे १०८ आणि १११. पेडल वर आणि कडक. दिवाळीत कोकणात जायचंय, तेवढ्याला पुरे.

एक चाक काढून पाहिलं: ड्रायव्हर साइड, कारण पिन तिथली होती. दोन्ही पॅडवर पूर्ण रुंदीची सारखी चमक, तिरकी झीज नाही, बुटाबाहेर ग्रीस आलेलं नाही. डिस्कच्या आतल्या चेहऱ्यावरच्या रेषा निम्म्याहून जास्त पुसल्या गेल्यात. हँडब्रेक चौथ्या क्लिकला गाडी धरतो, इमारतीच्या रॅम्पवरही. सोडल्यावर दोन्ही लिव्हर स्टॉपवर.

क्लीनर साइडची केबल बदलली, ड्रायव्हर साइडची जुनीच आहे. तिचा बूट शाबूत आहे, पण वय तेच. जूनच्या आधी दोन्ही लिव्हरची फट आणि तो बूट पुन्हा बघायचा; चाक काढावं लागत नाही, गाडीखाली टॉर्च पुरते.